गोळी, अळणी पथ्य आणि रात्रीची लाईट

बायपोलरच्या, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा आजाराच्या, गोळीसोबत आणखी काय करावे, हा प्रश्न खान्देशातल्या घरांना नवा नाही. चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे, औषधी तुपांचे पाठ आहेत. सातपुड्यात भगत आहे. हे सगळ्यांना ठाऊक असते. सर्पगंधा या औषधी वनस्पतीचे मात्र सांगायला हवे. मनोविकारावर तिचा उपयोग होतो, हे भारतीय डॉक्टरांनी १९३१ साली छापून आणले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले आणि जगभर वापरले गेले. पुढे काही रुग्णांना नैराश्य येते अशा तक्रारी आल्या आणि ते मागे पडले. बायपोलरमध्ये नैराश्य हा आजाराचाच एक भाग असतो, तेव्हा 'वनस्पतीच आहे, काय होणार' हे इथे चालत नाही.

खरा वाद २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर झाला. मे २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने मानसिक आरोग्य आस्थापनेच्या, म्हणजे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राच्या, व्याख्येत आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथीची केंद्रेही घेतली. मानसरोगात एम.डी. केलेले वैद्यही मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरले. मनोविकारतज्ज्ञांतले काहीजण चिडले. एकाच आजाराला दोन मोजपट्ट्या कशाला, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूने सांगितले जाते की, राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. शहादा-धडगावच्या माणसाला जवळ कोण? मला दुसरे म्हणणे जास्त पटते, पण पुरते नाही. कायद्याने नोंदणी सक्तीची केल्यामुळे निवासी केंद्रे तपासणीखाली आली. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी झाली. २००१ साली तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या अशाच एका ठिकाणी आग लागून २८ जण गेले होते, त्यातले बरेचसे साखळदंडात. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तर दाखल करताना तपासणाऱ्या दोघांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच लागतो, हेही टीकाकार विसरतात. पण कायद्याने उपचार कोण करणार एवढे ठरवले. वैद्याची पुडी, निसर्गोपचाराचे पथ्य आणि दवाखान्यातली गोळी एकमेकांशी कशा वागतील, हा प्रश्न तसाच राहिला.

तो इथे सगळ्यात जास्त लिथियमवर, म्हणजे बायपोलरच्या एका जुन्या गोळीवर, येऊन आदळतो. उन्मादावर लिथियमचा गुण १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी विकला जाणारा लिथियम क्षार काही जणांच्या जिवावर बेतल्याने बाजारातून उठला. पोटात जाणारे मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही, म्हणून त्याची रक्तातली पातळी चढते. ही पातळी साधारण लिटरला ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट हवी, १.५च्या वर विषबाधेचा धोका. आता जळगाव-भुसावळचा चैत्र-वैशाख डोळ्यांसमोर आणा. पारा ४५च्या घरात, त्यात कुणी 'शरीरशुद्धी'साठी अळणी जेवण आणि लंघन सांगितलेले, किंवा सप्तशृंगीला पायी निघालेला नवस. घाम, उपास, जागरण, तिन्ही एकदम. हात थरथरू लागतात, जुलाब होतात, तोल जातो. ही लिथियमच्या विषबाधेची लक्षणे असू शकतात, पण घरचे म्हणतात, उष्णता झाली, आणि सब्जाचे पाणी देतात.

ओमेगा-३ हा स्निग्धांश मिळावा म्हणून जवसाची चटणी खा, हा सल्ला तुलनेने निरुपद्रवी. १९९९च्या एका छोट्या अभ्यासाने माशाच्या तेलाबद्दल आशा वाढवली. नंतरच्या अभ्यासांत थोडा फायदा नैराश्याच्या बाजूला दिसला, उन्मादाच्या नाही. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे, शरीरात त्याचे रूपांतर फार थोडे होते. चटणी खावी, चवीला छानच आहे.

गोळीच्या जोडीला ज्याला खरा आधार आहे, ते म्हणजे झोपेची आणि दिनक्रमाची ठरलेली वेळ. एका रात्रीचे जागरणही काहींना उन्मादाकडे ढकलू शकते, हे १९८०च्या दशकापासून मांडले गेले. २००५ मध्ये दिनक्रम सांभाळण्याच्या उपचारपद्धतीचा मोठा अभ्यास आला. इथे मात्र शेतीपंपाला आठवडा दिवसा, आठवडा रात्री वीज मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात बारा वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्याला 'दहाला झोपा' असे लिहून देणे सोपे आहे. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती पिकांचे पाणी डोळ्यांसमोर ठेवून, कुणाची झोप नव्हे. जिथे ती पोहोचली, तिथे निदान ही एक अडचण गेली.