पार्श्वभूमी : आरंभीच्या वर्षांची उपकारस्तुती आणि नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली चाळीस-पन्नास घरांची ख्रिस्ती मंडळी (म्हणजे गावचं चर्च) आपल्या आरंभीच्या वर्षांसाठी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, उपासना ठरवते, तेव्हा पत्रिका छापखान्यात जाण्याआधीच पेच पडतो. वर्षं मोजायची कुठून? उपासनामंदिराच्या कोनशिलेवर एक साल असतं, बाप्तिस्म्याच्या वहीतली पहिली नोंद त्याच्या पुष्कळ आधीची असते आणि विश्वस्त संस्था म्हणून झालेली नोंद १९५० च्या कायद्यानंतरची. तिन्ही सालं खरी असतात. फक्त ती तीन निरनिराळ्या घटनांची असतात.

नगरकडच्या ख्रिस्ती कामाची मूळ कथा मंडळ्यांतल्या बहुतेकांना पाठ आहे. अमेरिकन मिशनला मुंबईत राहायची मोकळीक १८१३ मध्ये मिळाली, नगरात ठाणं पडलं ते १८३१ च्या डिसेंबरात, शहरातली पहिली मंडळी १८३३ ची आणि मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ चं. या काळाबद्दल खेड्यातल्या मंडळीच्या दृष्टीने एकच गोष्ट लक्षात ठेवायची. तेव्हा गावोगाव मंडळ्या नव्हत्या. गावातल्या कुणी बाप्तिस्मा घेतला तर तो नगरच्या मंडळीचा सभासद होई आणि प्रभुभोजनासाठी चालत शहरात येई. त्यामुळे १८५५ च्या आधीचा पूर्वज शोधायचा असेल तर गावची वही चाळण्यात अर्थ नसतो, नगरची चाळावी लागते. इथेच पहिली चूक होते. गावच्या वहीत नाव सापडलं नाही म्हणून ‘आमच्याकडे त्याआधी कुणी नव्हतं’ असं स्मरणिकेत छापलं जातं.

गावच्या मंडळ्या निघाल्या त्यामागे एक निर्णय आहे आणि त्यावर पावणेदोनशे वर्षं उलट-सुलट बोललं जातंय. १८५४ च्या अखेरीस अमेरिकन मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीतून दोघांचं शिष्टमंडळ आलं. त्यातले एक खुद्द कचेरीचे सचिव होते. त्यांच्या नगरला आणि मुंबईला मिशनऱ्यांबरोबर बैठका झाल्या आणि कामाची घडीच बदलली. मिशनऱ्याने शहरात मोठं बस्तान बसवून राहू नये. ज्या गावात थोडे का होईना विश्वासणारे असतील तिथे त्यांची वेगळी मंडळी करावी. तिच्यावर मराठीतच शिकलेला देशी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) नेमावा, आणि त्याचा खर्च हळूहळू मंडळीनेच उचलावा. दुसऱ्या बाजूने, इंग्रजी शिक्षणातून अंग काढून घ्यावं आणि बोर्डिंगं आवरती घ्यावीत. मुंबईची इंग्रजी शाळा बंद झाली. पहिल्या दोन देशी पाळकांना नगरला दीक्षा मिळाली ती याच सुमारास.

निर्णयामागचा हिशेब उघड होता. इंग्रजी शिकलेला मुलगा मिशनकडे टिकत नसे, सरकारी कचेरीत जाई. शहरातल्या शाळेवर पैसा भरमसाट जाई आणि मंडळीत येणारे मात्र निघत खेड्यांतून, तेही बहुतेक महारवाड्यातून आणि थोडे मांगवाड्यातून. मग पैसा आणि माणसं तिकडेच का नेऊ नयेत? हे बरोबरच होतं. मिशनरी शहरातच बसून राहिले असते तर आज ज्या छोट्या मंडळ्या उपकारस्तुती करतात त्यांतल्या बऱ्याच जन्मालाच आल्या नसत्या.

पण इंग्रजी काढून घेण्याचा भाग खेड्यातल्या माणसाला महाग पडला. त्याच १८५४ मध्ये सरकारच्या शिक्षणधोरणाचा वुडचा खलिता निघाला होता आणि शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी होत होती. नोकरीचं दार इंग्रजीने उघडायचे दिवस आले आणि नेमकी तेव्हाच ज्यांना दुसरं कुठलंही दार नव्हतं त्यांच्या शाळेतून इंग्रजी गेली. ब्राह्मण मुलाला सरकारी शाळा होती. महारवाड्यातल्या मुलाला मिशनची शाळा सोडली तर बसायला ओटाही नव्हता. अमेरिकेतही या निर्णयावर इतका गदारोळ झाला की १८५६ च्या मार्चमध्ये ऑल्बनी इथे खास सभा बोलवावी लागली. पुढे धोरण सैलावलं, नगरला मिशनचं हायस्कूल निघालं, पण मधली पिढी गेली ती गेलीच. स्मरणिकांमध्ये या बाबतीत अवाक्षर नसतं. ‘दूरदृष्टीच्या मिशनऱ्यांनी गावोगाव मंडळ्या स्थापिल्या’ या एका वाक्यात १८५५ उरकलेलं असतं.

या निर्णयाने दिलेला आणि अजून न सुटलेला शब्द म्हणजे ‘स्वावलंबी मंडळी’. बोस्टनच्या कागदांत त्याचा अर्थ पक्का होता : पाळकाचा पूर्ण पगार मंडळी देते, आपला कारभार आपण पाहते, आणि पुढच्या गावात सुवार्ताही आपणच नेते. गावात आल्यावर अर्थ पातळ झाला. पगाराचा काही हिस्सा मंडळीने दिला आणि उरलेला मिशनने, तरी वृत्तांतात ती ‘स्वावलंबनाच्या मार्गावर’. ज्याचा हिस्सा मोठा त्याचाच शब्द चाले, त्यामुळे पाळकाची बदली मंडळीला विचारून होई असं समजायचं कारण नाही. आजच्या पत्रिकेत याच शब्दाचा तिसरा अर्थ होतो, की आम्ही परदेशी पैसा कधी घेतलाच नाही. जमाखर्चाची वही शिल्लक असेल तर हा दावा करण्याआधी ती उघडलेली बरी. ‘मिशनकडून’ असं शीर्ष असलेली जमा बहुधा तिथे असते.

मंडळी स्थापण्याची रीत साधी होती. आसपासचे पाळक आणि एखादा मिशनरी गावी येत. नगरच्या किंवा जवळच्या मंडळीतून नव्या सभासदांची शिफारसपत्रं आणलेली असत. विश्वासाची कलमं वाचली जात, मग करार, म्हणजे देवाशी आणि एकमेकांशी बांधून घेण्याचं वचन. सगळे उभे राहून तो मान्य करत, नावं वहीत चढत, प्रभुभोजन होई. इमारत लागत नसे, कायमचा पाळकही लागत नसे. आमच्या मते स्थापनेची तारीख म्हणावी ती हीच, कराराची. पहिल्या बाप्तिस्म्याने एक माणूस ख्रिस्ती होतो. करार होतो तेव्हा मंडळी होते. कोनशिला तर कित्येकदा पन्नास वर्षांनी बसते. वहीत कराराचं पान फाटलेलं असेल तर दुसरी खूण शोधायची : एकाच तारखेला पाच-दहा सभासद ‘पत्राने आले’ अशी नोंद. ती तारीख जवळपास नेहमी स्थापनेचीच निघते. वही मोडीत असेल तर वाचणारा आधी गाठावा. आणि शक किंवा फसली (महसुली) साल असेल तर शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवून इसवी सन काढताना महिना बघावा, नाहीतर एका वर्षाचा फरक पडतो. स्थापनेच्या सालावरून मंडळीत पडलेल्या दोन तटांमधला वाद कधीकधी एवढ्या एका वर्षाचाच असतो.

पैशाचं मोजमाप त्याहून कठीण. खेड्यातल्या सभासदाच्या हातात रोकड नसे. त्याचं उत्पन्न म्हणजे बलुतं, खळ्यावर मिळणारं धान्य. बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने बलुतं अडवल्याचे प्रकार झाले, पाणी तोडल्याचेही. उरलेल्यातून दशांश (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचं दान) यायचा तो ज्वारी-बाजरीच्या रूपात, सुगीनंतर एकदम. घरातली बाई रोज दळायला घेताना मूठभर वेगळ्या गाडग्यात टाकायची ते निराळं. हे धान्य रविवारी उपासनेत येई आणि नंतर विकलं जाई. कोंबडी, अंडी, भोपळा यांचा लिलाव व्हायचा, अजूनही कापणीच्या सणाला होतो. जुन्या वहीतले आकडे आजच्या किलोत बसवायला जाणारे हमखास फसतात. चार शेरांची पायली इथवर ठीक, पण मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. शिवाय पायली हे माप आहे, वजन नाही. बाजरीची पायली आणि तुरीची पायली काट्यावर सारखी भरत नाही. स्मरणिकेत ‘इतके मण धान्य अर्पण’ एवढंच छापावं.

इमारत म्हणाल तर शाळा आणि उपासना एकाच खोलीत. आठवडाभर पाटी-पेन्सिल, रविवारी चटया. मातीच्या भिंती, वर लाकडी सरांवर (आडव्या लाकडांवर) धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. धाब्यावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती अंथरावी लागते. एक वर्ष हयगय झाली की भेगांतून पाणी झिरपतं, सर कुजतात आणि भिंतीला फुगवटा येतो. जुन्या खर्चात ‘पांढरी’ आणि ‘मजुरी’ अशी जोडनोंद सालोसाल दिसते ती यासाठी. ही खोली महारवाड्यात किंवा त्याला लागून असल्यामुळे गावातला दुसरा कुणी तिथे पाऊल टाकत नसे. आणि आतही सगळं सरळ नव्हतं. महार आणि मांग सभासदांनी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणं हे त्या काळातलं मोठं पाऊल होतं. त्यावरून घासाघीसही झाली.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. खळंच नाही तर दशांश कुठला? माणसं दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर गेली, आणि ती लाइन १८७८ मध्ये सुरूही झाली. दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांच्या नोंदी घाऊक होतात, एका दिवशी घरंच्या घरं. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा तेव्हाचा. टोमणा मारणाऱ्याने पुढची पानंही पाहावीत : पाऊस परतल्यावर, भाकरी घरची झाल्यावरही यांतली कित्येक घरं यादीत तशीच राहिली. गळालीही काही. दोन्ही नोंदी त्याच वहीत असतात.

या काळात आणखी एक गुंता झाला. इंग्लंडहून आलेल्या दुसऱ्या मिशनने १८७० च्या दशकात नगरमध्ये काम उघडलं आणि अमेरिकन मिशनवर नाराज असलेले लोक तिकडे वळले. एकाच वाड्यात दोन शाळा, दोन पाळक, दोन वह्या. एकीकडे करार आणि पंच, दुसरीकडे बिशप आणि छापील प्रार्थनापुस्तक. एकच नाव दोन्ही याद्यांत सापडतं, आणि दोन्ही मिशनांच्या वृत्तांतात मोजलं गेलेलं असतं. आकड्यांची बेरीज करताना हे लक्षात न घेतल्याने गावात घरं होती त्याहून ख्रिस्ती जास्त, असा प्रकार छापून आलेला आहे.

गाण्यांचंही असंच. उपकारस्तुतीत आज हटकून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं म्हटली जातात, आणि ‘आपले पूर्वज हीच गात’ अशी प्रस्तावना होते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १८५५ ची मंडळी गात असे ती इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं. मराठी जिभेला ती जड जात. १८६० नंतर नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं तेव्हा कुठे साकी, दिंडी, अभंग उपासनेच्या आसपास आले. टाळ-मृदंग आत घ्यायचे की नाहीत यावर तेव्हाही तक्रारी होत्या. आता त्या कीबोर्डवर होतात.

पुढचं सगळं संघटनेचं. १९२४ मध्ये नगरकडच्या या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या आणि प्रेस्बिटेरियन पद्धतीचे ‘वडील’ (मंडळीचा कारभार पाहणारे निवडलेले सभासद) आले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा पंथ ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणून एकत्र आले तेव्हा करारवाले आणि बिशपवाले एकाच छपराखाली बसले. शंभर वर्षं वाड्याच्या दोन टोकांना राहिलेल्या दोन मंडळ्यांची कित्येक ठिकाणी एक पास्टोरेट (एका पाळकाकडची एकत्र मंडळी) झाली. वह्या एका कपाटात आल्या, वर्धापनदिन मात्र दोन राहिले. जुनी दोन्ही उपासनामंदिरं, स्मशानभूमीचा तुकडा आणि शाळेची जागा कुणाच्या नावे, यावर सात-बारा, मालमत्तापत्रक आणि ट्रस्टची नोंद एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पत्रिकेवर कुठलं साल छापायचं हा प्रश्न दिसतो तेवढा भाबडा राहत नाही. छापलेली पत्रिका उद्या दाव्यात कागद म्हणून जोडली जाते. काही ठिकाणी म्हणून दोन्ही तारखा छापतात, प्रत्येकीपुढे ती कशाची ते लिहून : अमुक साली करार, तमुक साली मंदिराचं समर्पण. हे आम्हाला पटतं.

उपासनेत पहिल्या सभासदांची यादी मोठ्याने वाचायची असेल तर वाचणाऱ्याने ती आदल्या दिवशी डोळ्याखालून घालावी. पुरुषाचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं असतं. त्याच्याखाली पुष्कळदा नुसतं ‘बायको’ एवढंच, आणि पुढे बाप्तिस्म्याची तारीख. विवाहाची नोंद १८७२ च्या कायद्यानंतरची असेल तर त्या वहीत त्या बाईचं नाव मिळण्याची शक्यता असते. नाहीतर दफनाची वही.