एकट्या, अंधूक ताऱ्याचे वस्तुमान: सूक्ष्मभिंगाची पार्श्वभूमी

ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजायचे तर त्याला जोडीदार हवा, ही खगोलशास्त्राची जुनी अडचण. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की कक्षा आणि परिभ्रमणकाळावरून हिशेब लागतो. एकट्या ताऱ्याचा मात्र रंग आणि तेज पाहून अंदाज बांधायचा, आणि तो अंदाजही शेवटी जोडताऱ्यांवरच बेतलेला.

गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाला जोडीदार लागत नाही. एक तारा दुसऱ्या, दूरच्या ताऱ्यासमोरून सरकला की त्याच्या गुरुत्वामुळे मागचा प्रकाश वळतो आणि मागचा तारा काही काळ उजळतो. पुढचा दिसलाच पाहिजे असेही नाही. आइनस्टाइनने हे गणित १९१२ च्या सुमारास वहीत करून ठेवले होते. छापले १९३६ मध्ये, तेही रुडी मांडल या हौशी अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून. हे कधी प्रत्यक्ष दिसेल अशी आशा आइनस्टाइनला नव्हती. तेव्हा ते रास्तच होते. १९८६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्कीने सुचवले, की मोठ्या मॅजेलनी मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या, लाखो ताऱ्यांवर सतत नजर ठेवा. १९९३ मध्ये माचो, एरॉस आणि ओगल या तिन्ही गटांना पहिल्या घटना सापडल्या. अर्थात शोध चालला होता कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वातून जाणवणाऱ्या द्रव्याचा. ताऱ्यांचे वजन कुणाच्या यादीत नव्हते.

आणि वजन हाती लागतही नव्हते. उजळण्याचा कालावधी मोजता येतो, पण त्यात भिंगाचे, म्हणजे पुढच्या ताऱ्याचे, वस्तुमान, अंतर आणि वेग एकत्र कालवलेले असतात. जड तारा वेगाने गेला काय किंवा हलका सावकाश गेला काय, आलेख तोच. यावरचा उपाय नॉर्वेच्या शूर रेफ्सडालने १९६६ मध्येच लिहिला होता: तीच घटना पृथ्वीवरून आणि दूरच्या यानावरून एकदम पाहा, म्हणजे दोन आलेखांतल्या फरकावरून हा गुंता सोडवायला मदत होते. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने ते करेपर्यंत चाळीस वर्षे गेली.

दरम्यान १९९३ चीच एक घटना हबल अवकाश दुर्बिणीने उलगडली. काही वर्षांत भिंग बाजूला सरकले होते आणि तिथे एक अंधूक लाल बटू, म्हणजे लहान, थंड तारा, दिसला. वस्तुमान आधी इतके कमी आले, की तो ताराच ठरेना. गणिताला दुसरे उत्तरही होते हे २००४ मध्ये दाखवले गेले, आणि आकडा सूर्याच्या सुमारे एक दशांशावर आला.

दुसरी वाट उजळण्याची नव्हे, सरकण्याची. प्रकाश वळल्यामुळे मागच्या ताऱ्याचे दिसणारे स्थान किंचित हलते. २०१४ मध्ये स्टाइन २०५१ बी हा श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा, आकाशात एका दूरच्या ताऱ्याजवळून सरकला, तेव्हा कैलाश साहू यांच्या गटाने हबलच्या मदतीने हा बदल टिपला: सुमारे दोन सहस्रांश विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टनने मोजलेल्या, सूर्यामुळे ताऱ्यांच्या प्रकाशाला पडलेल्या वळणाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका! २०१७ मध्ये निकाल आला: सूर्याच्या ०.६७५ पट वस्तुमान. आधीच्या कमी आकड्यामुळे या ताऱ्याचा गाभा लोखंडाचा मानावा लागत होता. नवा आकडा श्वेत बटूंविषयीच्या चंद्रशेखर यांच्या सिद्धांताशी नीट जुळला.

पुढच्या वर्षी याच पद्धतीने प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.१५ पट आले. त्यातली अनिश्चितता मात्र एक तृतीयांशाहून जास्त आहे.