इंटरलॉकनच्या समर आर्ट्स कॅम्पला मुलांना पाठवायचं म्हणताय? आधी हे वाचा

नमस्कार. सप्टेंबर उजाडला की आमचे फोन वाजायला लागतात आणि पहिला प्रश्न बहुतेक एकच, "आमच्या मुलीचं इंटरलॉकनला होईल का हो?" होईल की नाही ते तिथले लोक ठरवतात, आमच्या हातात ते नाही, पण तो कॅम्प आहे काय, पोरं तिथं दिवसभर करतात काय आणि घरी तयारी कशी करायची हे दरवेळी फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं, म्हणून हे पत्रक. आम्ही डेट्रॉइटजवळ नोवायमध्ये तिघं जण मिळून हे काम करतो. ऑडिशनचं रेकॉर्डिंग, पोर्टफोलिओ लावून देणं, फॉर्म भरताना सोबत बसणं एवढंच. कॅम्पशी आमचा कसलाही धंद्याचा संबंध नाही, आमच्याकडून गेलं म्हणून कुणाला जास्त चान्स मिळतो असं काही नसतं, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांबच राहा.

इंटरलॉकन आपल्याच मिशिगनमध्ये, वर वायव्येला, ट्रॅव्हर्स सिटीच्या जवळ. नोवायहून गाडीने चारेक तास. एका बाजूला ग्रीन लेक, दुसऱ्या बाजूला डक लेक, मध्ये पाइनचं जंगल, आणि नावाचा अर्थही तोच, दोन तळ्यांच्या मधली जागा. जून-जुलैमध्ये तिथं रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. दिवसा छान ऊन, पण रात्री तळ्यावरून असा गारवा येतो की स्वेटर लागतोच. हे मुद्दाम लिहितोय कारण दरवर्षी कुणीतरी "उन्हाळाच तर आहे" म्हणून नुसते टीशर्ट भरून पाठवतं.

सुरुवात कशी झाली ते मुलांनाही जरूर सांगा, कारण गोष्ट डेट्रॉइटपासूनच सुरू होते. जो मॅडी नावाचे संगीत शिक्षक होते, त्यांनी १९२६ मध्ये डेट्रॉइटला संगीत शिक्षकांच्या परिषदेसाठी देशभरातल्या हायस्कूलच्या मुलांचा एक ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्या वर्षी डॅलसला परत तेच. थोडे दिवस एकत्र वाजवून मुलांचं पोट भरेना, त्यांना अजून वाजवायचं होतं. मग १९२८ मध्ये मॅडींनी इंटरलॉकनला ११५ मुलांचा पहिला कॅम्प घेतला. आज तिथं नुसतं संगीत नाही. नाटक, डान्स, चित्रकला, लेखन, फिल्म असे विभाग आहेत, तिसरीपासून बारावीपर्यंतची मुलं येतात, आणि एक आठवड्यापासून सहा आठवड्यांपर्यंतचे प्रोग्रॅम असतात. हे पत्रक मात्र हायस्कूलवाल्यांसाठीच, कारण खरी चुरस तिथं आहे आणि आमचं कामही त्याच वयाच्या मुलांबरोबर चालतं.

मुलं लाकडी केबिनमध्ये राहतात, वरखाली बंक बेड, सोबत काउन्सेलर. झाडांमध्ये छोट्या छोट्या प्रॅक्टिस हट आहेत, एकाच माणसाला वाजवता येईल एवढ्या. सकाळी त्या वाटेने चालत गेलं की एका खोपटातून ओबो, पुढच्यातून चेलो, त्याच्या पुढे कुणीतरी एकच अवघड ओळ वीस वेळा घोटतंय. पालक म्हणून मला तिथलं सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर ही वाट. आपल्या घरी मुलगी तीन तास व्हायोलिन घेऊन बसली की शेजारच्यांना, पाहुण्यांना, कधी कधी आपल्यालाही ते जरा अतीच वाटतं. तिथं कुणालाच काही वाटत नाही, कारण सगळेच तसे. शाळेत जी मुलगी वर्गात एकटीच "ती व्हायोलिनवाली" असते, तिला पहिल्यांदा तिच्यासारखी शंभर माणसं भेटतात, आणि त्यातली बरीच तिच्यापेक्षा सरस असतात. काही मुलं पहिल्या आठवड्यात यानेच खचतात. घरी फोन येतो, आई मी काहीच नाहीये, सगळे माझ्याहून भारी आहेत. अशा वेळी प्लीज "परत ये" म्हणू नका. ऐकून घ्या, जेवलीस का विचारा, आणि चार दिवस जाऊ द्या. आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं दुसऱ्या आठवड्यात फोन करायचंच विसरतात.

युनिफॉर्म आहे. फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पॅन्ट, सगळ्यांना सारखं. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, पण श्रीमंताघरचं कोण आणि स्कॉलरशिपवर आलेलं कोण हे कपड्यांवरून कळू नये हा त्यामागचा विचार आहे, आणि तो इतकी वर्षं टिकलाय.

एक रिवाज आधी माहीत असलेला बरा, म्हणजे तुम्ही कॉन्सर्टला गेलात तर गोंधळ होणार नाही. कॉन्सर्ट संपताना शेवटी एक छोटी धून वाजते, अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिम्फनीतली, तिला इंटरलॉकन थीम म्हणतात, आणि ती संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. सगळे गप्प उठून निघतात. मी पहिल्यांदा तिथल्या क्रेसगी ऑडिटोरियममध्ये होतो तेव्हा टाळीसाठी हात वर गेलेसुद्धा होते, बायकोने मनगट धरलं म्हणून वाचलो. स्टेजच्या मागे तळं दिसत होतं, पाण्यावर शेवटचा उजेड, आणि एवढी माणसं पायांचा आवाज न करता बाहेर पडत होती. आरती संपल्यावर देवळात क्षणभर जी शांतता असते ना, तशी. सीझनच्या अगदी शेवटच्या कार्यक्रमात संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांचं 'ले प्रेल्यूद' वाजवायची प्रथाही कित्येक दशकांची आहे, जमलं तर त्या दिवशी न्यायला जा, आदल्या दिवशी नको.

आता मुद्द्याचं. कुणी पाठवावं? गूगलचे लॅरी पेज लहानपणी तिथं सॅक्सोफोन वाजवायला गेले होते, पंडित रविशंकर यांची मुलगी, गायिका नोरा जोन्सही तिथल्या समर कॅम्पला होती. ही नावं ऐकली की पालकांचे डोळे चमकतात आणि कॉलेज अॅडमिशनचं गणित सुरू होतं. आमचं स्पष्ट मत आहे की फक्त रेझ्युमेसाठी पाठवू नका. सहा आठवडे रोज तेच करायचं असतं, मनात नसेल तर त्या पोराला ती शिक्षा होते. साधी खूण सांगतो, न सांगता जे मूल वाद्याची पेटी उघडतं, वही काढतं, आरशासमोर स्टेप करत बसतं, त्याला पाठवा. आम्ही पहिल्या भेटीत हेच बघतो, आणि दोन-तीन जणांना दरवर्षी "या वर्षी नको" असं सांगतोही. पैसे जातात आमचे, पण ठीक आहे.

आपल्या घरांमधून नेहमी येणारा प्रश्न म्हणजे तबला, हार्मोनियम, शास्त्रीय गाणं, भरतनाट्यम, कथक. यांचे वेगळे विभाग तिथं नाहीत. डान्स म्हणजे मुख्यतः बॅले आणि मॉडर्न, गाणं म्हणजे वेस्टर्न पद्धतीचं. म्हणून काही वाया जात नाही बरं का, आठ वर्षं रियाज केलेल्या मुलीचा सूर आणि लय लगेच कळते, पण त्यांना हवं ते त्यांच्या पद्धतीने दाखवावं लागतं आणि त्याला निदान वर्ष-दीड वर्ष तालीम लागते. डिसेंबरमध्ये येऊन जानेवारीत होईल का असं विचारू नका, आम्हाला नाही म्हणताना वाईट वाटतं. स्वतः गाणी रचणाऱ्या मुलांसाठी सिंगर-साँगरायटरचा प्रोग्रॅम आहे, तिथं आपल्याकडच्या पोरांना मोकळं वाटतं असा आमचा अनुभव.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घाण इथंच होते. घरी बेसमेंटमध्ये करता येतं, पण आधी घर गरम करणारा फर्नेस बंद करा. कानाला तो आवाज सवयीचा झालेला असतो, माइकला नसतो. मागच्या वर्षी एका मुलाचा फार सुंदर टेक झाला आणि चौथ्या मिनिटाला बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप सुरू झाला, घुर्रर्र, तो पोरगा तसाच वाजवत राहिला आणि आई जिन्यात डोक्याला हात लावून बसली. परत घ्यावा लागला आणि आधीच्याइतका जमला नाही. फोन स्टँडवर, छातीच्या उंचीला, सात-आठ फुटांवर, दोन्ही हात आणि चेहरा दिसला पाहिजे. मागे वाळत घातलेले कपडे नकोत. एक तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, मध्ये काटछाट नाही, नंतर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकून गोड केलेला आवाज नाही. छोटी चूक राहिली तर राहू दे, ऐकणाऱ्यांना मूल कसं वाजवतं ते कळायला हवं असतं, आणि तेराव्या टेकला मूल दमलेलं ऐकू येतंच. आम्ही एका बैठकीत पाचच टेक घेतो, सहावा घेत नाही.

चित्रकलेवाल्यांनी फोटोवरून काढलेली हिरो-हिरॉइनची पोर्ट्रेट आणि अॅनिमेची कॉपी बाजूला ठेवा, कितीही हुबेहूब असली तरी. समोर बघून काढलेलं हवं. एका मुलीने आजीची डाळीची वाटी, बाजूला अर्धं सोललेलं लसूण, असं चारकोलने काढलं होतं, वाटीच्या काठावरचा पोचासुद्धा होता त्यात. ते चित्र आम्ही सगळ्यात पुढे लावलं. फोटो काढताना ट्यूबलाइटखाली नको, खिडकीच्या उजेडात, कागद सपाट भिंतीवर, स्वतःची सावली पडत नाही ना ते बघून.

अर्जाची तारीख साधारण जानेवारीच्या मध्यावर येते, पण त्या वर्षीची नेमकी तारीख आणि ऑडिशनला काय काय मागितलंय ते कॅम्पच्या साइटवरच वाचा, आमच्या जुन्या पत्रकावर जाऊ नका. खर्च काही हजार डॉलरचा आहे, लपवण्यात अर्थ नाही, सहा आठवड्यांचा तर फारच. पण फायनान्शियल एड मिळते, गरजेवरची वेगळी आणि गुणवत्तेवरची वेगळी, आणि आपले लोक लाजून त्यासाठी अर्जच करत नाहीत. करा. त्यात कमीपणा काही नाही. जेवण कॅफेटेरियात, व्हेज मिळतं, रोज पोळी-भाजीची अपेक्षा नको, लोणच्याची बाटली पाठवायची असेल तर कॅम्पचे नियम बघून पाठवा.

पहिली भेट एक तासाची, तिचे पैसे घेत नाही. येताना ठेवणीतलं पाठ केलेलं काही आणू नका. सध्या जे अर्धवट चाललंय ते आणा, फाटकी वही असेल तर फाटकी वही, आणि मुलाला एकट्याला आमच्यासोबत बसू द्या. आई-बाबांसाठी बाहेरच्या खोलीत चहा असतो.