लागरचं यीस्ट निवडण्याआधी फ्रिज बघा

घरी लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, करायची म्हटलं की हौशी मंडळींचा सगळा खल माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सवर (कडवटपणा देणारी फुलं) चालतो. यीस्टचं पाकीट आपलं शेवटी, दुकानात जे असेल ते. खरं तर लागरमध्ये माल्टचा किंवा हॉप्सचा चुकलेला हिशेब एकवेळ खपून जातो, यीस्टचा खपत नाही. या बिअरची चव इतकी स्वच्छ असते की दोष लपायला जागाच उरत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा प्रयोगाचा भाग अमेरिका-ब्रिटनसारख्या, जिथे मुभा आहे अशा ठिकाणच्या वाचकांसाठी. बाकीच्यांनी विज्ञानापुरतं वाचावं.)

पाव फुगवतं ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट एल प्रकारच्या बिअरमध्येही चालतं. त्याला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. लागरचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पॅस्टोरियानस. ते संकरित आहे. त्याचा एक पालक सेरेव्हिसी, पण दुसरा कोण याचा पत्ता बरीच वर्षं लागत नव्हता. २०११ मध्ये तो सापडला थेट पॅटागोनियाच्या जंगलात, दक्षिणी बीचच्या झाडांवर बुरशीमुळे आलेल्या गाठींमध्ये. नाव ठेवलं सॅकरोमायसिस युबायानस. पुढे तिबेट आणि आयर्लंडमध्येही तो आढळला. थंडीत काम करायची ताकद लागरच्या यीस्टला या पालकाकडून मिळाली, आणि तिच्यात मोठा वाटा मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) डीएनएचा आहे.

या संकराचं फावलं ते बव्हेरियात. तिथे १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी घातली. बिअर हिवाळ्यातच होऊ लागली, त्यामुळे गारठ्यात टिकणाऱ्या यीस्टचीच सरशी झाली. त्यातली एक शुद्ध जात वेगळी काढली १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी.

आज लागर यीस्टची दोन घराणी मानतात: साझ आणि फ्रोबर्ग. साझवाली जास्त थंडी सोसतात, पण माल्टोट्रायोज ही साखर त्यांना नीट पचत नाही. माल्टच्या काढ्यातल्या, म्हणजे वर्टमधल्या साखरेत तिचा वाटा १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे बिअर थोडी गोडसर, भरीव राहते. फ्रोबर्गवाली ही साखर खातात आणि बिअर कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, होते. बाजारात सर्रास मिळणारं डब्ल्यू-३४/७० हे याच घराण्यातलं. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरं काही शोधत बसू नये, असं माझं मत. हे यीस्ट १२ ते १५ अंशांत उत्तम चालतं, आणि तापमान दोन-तीन अंश वर गेलं तरी लगेच रुसत नाही.

म्हणूनच पहिला प्रश्न फ्रिजचा. तुमची सोय १२ ते १५ अंशांतलं तापमान पक्कं धरणारी आहे का? तापमान हवेचं नव्हे, भांड्याचं मोजा. आंबताना उष्णता निर्माण होते आणि आतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश गरम असतो. थर्मामीटरचं टोक भांड्याला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधला की आकडा बऱ्यापैकी खरा येतो.

थंडीत यीस्ट सावकाश वाढतं, म्हणून ते टाकायचंही जास्त. एलच्या साधारण दुप्पट. डब्ल्यू-३४/७० साठी उत्पादकाची शिफारस १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅमची आहे. म्हणजे २० लिटरला साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. एकावर भागवायचा मोह आवरा.

कमी यीस्ट आणि घाई, या दोन्हींची शिक्षा एकच: लोण्याचा वास. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर टाकतं आणि त्याचं वर्टमध्ये लोण्यासारख्या वासाचं डायअसेटिल होतं. शेवटी शेवटी तेच यीस्ट ते परत शोषून घेतं, पण त्याला थोडी ऊब लागते. म्हणून साखर संपत आली की तापमान १६-१८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबायचं. झालं की नाही, हे नाकाने कळतं. दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक पेला झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर आणखी थांबा. सडक्या अंड्यासारख्या वासाने मात्र घाबरू नका. तो गंधकाचा असतो आणि आंबणं संपल्यावर बिअर थंडीत साठवून मुरवली की बहुतेक वेळा निघून जातो.

आणि फ्रिजच नसेल तर? नॉर्वेच्या शेतांवरची क्वाइक यीस्टं ३० अंशांच्या वरही आंबवतात, आणि त्यातली काही वाणं चवीला बरीच स्वच्छ असतात. शुद्धतावादी नाकं मुरडतील. पण १२ अंशांचं यीस्ट २५ अंशांच्या खोलीत राबवून फळांच्या वासाची बिअर करण्यापेक्षा हे कधीही बरं. कॅलिफोर्निया कॉमन या अमेरिकन बिअरचं यीस्ट हा मधला मार्ग आहे. ते लागरचंच, पण १५ ते १८ अंशांना सरावलेलं.