स्पिरिटचा बोळा आणि लाखेची मोहोर: दारूच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी केलेल्याला हे नवं नाही. साडेअकराच्या सुमारास पोलिसांची गाडी लागते. हवालदार एकाला दंडाला धरून आत आणतो आणि टेबलावर पत्र ठेवतो: ‘सदर इसमाने दारू प्राशन केली आहे किंवा कसे, याबाबत तपासणी होऊन अहवाल मिळावा.’ नवा डॉक्टर सवयीने स्पिरिटचा बोळा उचलतो. परभणीकडच्या माझ्या पहिल्या नेमणुकीत मीही उचलला होता. जुन्या सिस्टर मागून ओरडल्या, “साहेब, स्पिरिट नको!”

त्या ओरडण्यामागचा नियम 1959 सालचा आहे, आणि मराठवाड्याचा त्याच्याशी संबंध आला तोही त्याच वर्षी.

1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे दारू ही मुख्यतः महसुलाची बाब, आणि तिच्यासाठी 1316 फसलीचा (निजामी महसुली सनातला) हैदराबाद अबकारी कायदा होता. शिंदीचा, मोहाच्या दारूचा कर वसूल झाला की सरकारचं काम भागायचं. कोण किती प्यायला, हे रक्तात शोधायची गरज कुणाला होती? मुंबई इलाख्यात मात्र 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा आला. मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि 1959 च्या दुरुस्तीने तो कायदा इकडेही लागू झाला.

याच दुरुस्तीत रक्ताचा आकडाही आला, आणि त्याचं मूळ मुंबईतल्या एका जीपमध्ये आहे. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात हा कायदा बहुतांशी उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं बंदीतून सोडवली. त्याच वर्षी कुलाब्यात पेसिकाका नावाच्या अधिकाऱ्याच्या जीपने तिघांना धडक दिली. हे गृहस्थ त्या वेळी चक्क मुंबईचे प्रभारी आरटीओ! तोंडाला वास होता, पण त्यांचं म्हणणं असं की आपण बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोटातला अल्कोहोल औषधाचा नव्हता हे सरकार पक्षाने सिद्ध करायला हवं. मग काय, ज्याला त्याला टॉनिक आठवू लागलं तर खटले चालवायचे कसे?

त्यावरचा तोडगा म्हणजे दारूबंदी कायद्यात घातलेलं कलम 66(2). रक्तात 0.05 टक्के, म्हणजे 100 मिलिलीटरमागे 50 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघाला, तर आपण औषधच घेतलं होतं हे आरोपीने दाखवायचं. (गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा आज 30 मिलिग्रॅम आहे.) पुढे 1971 मध्ये बचुभाई करियानी खटल्यात, नुसता वास, झोकांड्या आणि अडखळणारी जीभ यांवरून माणूस दारू प्यायलाच होता असं म्हणता येणार नाही, असंही ठरलं. सगळा भार येऊन पडला रक्ताच्या एका बाटलीवर.

त्या बाटलीसाठी 1959 चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियम बारकाईने लिहिलेले आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. रक्त गोठू नये म्हणून एक द्रव्य आणि टिकावं म्हणून दुसरं, ही दोन्ही बाटलीत आधीच हवीत. रक्त टाकलं की जोरात हलवायचं. मग लेबल, बुचावर लाख, डॉक्टरची मोहोर. सोबतच्या पत्रावरही त्याच मोहोरेचा ठसा. आणि रक्त काढल्यापासून सात दिवसांच्या आत नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे.

ती दोन द्रव्यं म्हणजे सहसा पोटॅशियम ऑक्झलेट आणि सोडियम फ्लोराइड. आजच्या राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये हीच जोडी असते. रक्त गोठलं की वरच्या पाण्यासारख्या भागात अल्कोहोल जास्त उतरतो आणि आकडा खोटाच चढतो. फ्लोराइडचं काम वेगळं. रक्तातल्या साखरेवर यीस्ट किंवा जंतू पोसले, तर ते बाटलीतच दारू गाळतात. हातभट्टीच म्हणा ना! फ्लोराइड त्यांना रोखतं. मृतदेहात हा धोका खरा मोठा, म्हणून तिथे हृदयाऐवजी मांडीच्या शिरेतलं रक्त किंवा डोळ्यातला द्रव बरा. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतले अवयव, एरवी बहुधा स्पिरिटमध्ये ठेवले तरी चालतात, पण दारूचा संशय असेल तर मिठाच्या संपृक्त द्रावणात.

जिवंत माणसाच्या नीट घेतलेल्या नमुन्यात मात्र भीती उलटी असते. आकडा वाढत नाही, घटतो. बाटली अर्धी रिकामी असेल तर अल्कोहोल वरच्या हवेत जातो आणि बूच उघडलं की उडतो. शिवाय उष्णतेत रक्तातलं ऑक्सिहिमोग्लोबिनच (ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन) अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करत राहतं, आणि ते फ्लोराइडने थांबत नाही. त्यावर उपाय एकच, थंडावा. साधारण 4 अंशांवर ठेवायचं, लांबचा मुक्काम असेल तर गोठवायचं.

आता हे मे महिन्यातल्या परभणी-नांदेडमध्ये बसवून बघा. पारा 42-43 वर आणि लोडशेडिंगच्या वर्षांत फ्रिज दिवसाचे कित्येक तास बंद. सर्पदंशाची इंजेक्शनं आणि रक्ताची बाटली एकाच दारात. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारी हवालदाराच्या पिशवीतून एसटीने निघायचा. संभाजीनगरला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, नंतर नांदेडलाही झाली, त्यामुळे अंतर घटलं. सात दिवसांची मुदत पाळली गेली तरी बाटलीने त्यातले किती तास उन्हात काढले, हे सी.ए. (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे प्रयोगशाळेतला रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये येत नाही.

कोर्टात मात्र नेमकं तेच विचारतात. माझी साक्ष चार वर्षांनी लागली. रिपोर्टमधला आकडा मर्यादेच्या बऱ्यापैकी वर होता. आरोपीच्या वकिलांनी त्याला हातही लावला नाही. “डॉक्टर, बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह होतं, हे तुमच्या कागदात कुठे लिहिलंय?” मी पान उलटलं. वेळ होती, सही होती, मोहोरेचा ठसा होता. ती एक ओळ नव्हती. “आणि शनिवार-रविवार बाटली कुठे होती?” फ्रिजमध्ये, मी म्हणालो. “नोंद?” तीही नव्हती. माणूस सुटला.

त्यानंतर मी रजिस्टरमध्ये लाल पेनने दोन जादा रकाने आखून घेतले.