व्हर्जिनियातील कौशल्य अनुदान म्हणजे हाती मिळणारी रोकड नव्हे

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या अल्पकालीन प्रशिक्षण अनुदानाविषयी दोन समज रूढ आहेत : प्रशिक्षण पूर्णपणे फुकट असते आणि अनुदानाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. दोन्ही चुकीचे आहेत.

2016 साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या आणि कम्युनिटी कॉलेजांत ‘फास्टफॉरवर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत वेल्डिंग, ट्रकचालक परवाना, रुग्णसेवा साहाय्यक अशा अभ्यासक्रमांच्या खर्चाचे मूळ कायद्यानुसार तीन भाग पडतात. प्रवेश घेताना एक तृतीयांश विद्यार्थी भरतो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर दुसरा आणि मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हाती आल्यावर तिसरा हिस्सा राज्य देते, तोही थेट संस्थेला. त्यामुळे नुसता पट भरून संस्थेचे भागत नाही, आणि माझ्या मते योजनेतील सर्वांत विचारपूर्वक घातलेली अट हीच आहे.

मात्र अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्याला आणखी एक तृतीयांश रक्कम स्वतः भरावी लागते, हे ‘फुकट’ म्हणणारे सहसा सांगत नाहीत. गरजूंचा पहिला हिस्सा इतर साहाय्यातून भरला जाऊ शकतो. पण ते साहाय्य वेगळे असते आणि त्यासाठी पात्रता स्वतंत्रपणे तपासली जाते.