क्लासिक कारचं पत्राकाम (बॉडी पॅनेलची दुरुस्ती आणि बदल)

क्लासिक कारचं पत्राकाम म्हणजे जुन्या गाडीच्या बॉडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं, गंजलेला भाग कापून तिथे नवीन तुकडा जोडणं, आणि अगदीच इलाज नसेल तर अख्खं पॅनेल बदलणं. मडगार्ड, दरवाजे, बॉनेट, डिकी, दरवाजाखालचं सिल, फ्लोअर, चाकावरची कमान हे सगळं यात आलं. इंजिन आणि गिअरबॉक्स खोलून परत बांधता येतात, पण बॉडी सडली की गाडी वाचवणं खरंच अवघड होतं, त्यामुळे रिस्टोरेशनचा वेळ आणि पैसा बऱ्याचदा इथेच सगळ्यात जास्त जातो.

आधी गाडीची बांधणी बघावी लागते. वेगळी चॅसी असलेल्या गाड्यांमध्ये वजन चॅसी पेलते, बॉडी वरून बोल्टने बसवलेली असते. मोनोकॉक गाड्यांमध्ये (१९२२ ची लान्शिया लॅम्ब्डा, १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ या त्यातल्या सुरुवातीच्या) बॉडीच सांगाडा असते, म्हणून तिथे सिल किंवा फ्लोअर गंजलं तर प्रश्न सुरक्षेचा असतो, नुसत्या दिसण्याचा नाही. फोक्सवॅगन बीटलची चारही मडगार्ड बोल्टवर आहेत, मध्ये बीडिंग (सांध्यातली पट्टी), मडगार्ड काढून बदलणं सोपं. १९५९ च्या मिनीची पुढची मडगार्ड मात्र वेल्ड केलेली आहेत, तिथे कापाकापी आलीच.

गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात, दरवाजाच्या तळाशी, सिलच्या पोकळीत चिखल आणि पाणी साचतं, आणि बाहेर रंगाला छोटा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा अर्धा संपलेला असतो. म्हणून फोडाच्या आकारावरून कामाचा अंदाज कधीच बांधू नये. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवला की जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे हे कळतं, आणि खालून टोकदार हत्याराने टोचलं की पत्र्यात जीव किती उरलाय तेही कळतं.

बदलायचं की दुरुस्त करायचं, हा खरा निर्णय. नवीन पॅनेल मिळतंय म्हणून जुनं फेकून द्यायचं ही सवय चुकीची आहे. जुन्या काळी दरवाजे, बॉनेट हे कारखान्यातच हाताने जुळवून बसवायचे, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत किंवा एकाच गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूत काही मिलिमीटरचा फरक सापडतो, म्हणून मूळ पॅनेल त्या गाडीला जसं बसतं तसं दुसरं सहसा बसत नाही. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फिवाचा ट्युरिन चार्टरसुद्धा मूळ सामग्री शक्य तेवढी जपा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा असंच सांगतो. अर्थात सिलसारखा वजन पेलणारा भाग भुसभुशीत झाला असेल तर हट्ट नको, तो बदलायचाच.

चेपलेला पत्रा सरळ करायला हातोडा आणि डॉली लागते, डॉली म्हणजे मागून धरायचा लोखंडी ठोकळा. डेंट ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढायचा, म्हणजे शेवटी पडलेली घडी आधी उघडायची, मधल्या खड्ड्यावर थेट घाव घातला की पत्रा ताणला जातो. ताणलेला पत्रा फुगतो आणि दाबला की टकटक वाजतो. मग तो आखडवावा लागतो, त्यासाठी छोटा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात, हलक्या हाताने ठोकतात आणि ओल्या फडक्याने थंड करतात. हे काम डोळ्यापेक्षा तळहाताने जास्त कळतं, हात लांब फिरवून उंचसखल तपासायचं.

गंजलेला भाग कापताना चांगल्या, चकचकीत पत्र्यापर्यंत जायचं, अर्धवट गंजलेल्या कडेला वेल्ड धरतच नाही, भोकं पडत जातात. पत्रा साधारण ०.८ ते १ मिमी जाडीचा असतो, तुकडाही त्याच जाडीचा घ्यावा. कडेला कड लावून जोडलेला सांधा सगळ्यात चांगला कारण मागे पाणी धरायला जागा राहत नाही, एकावर एक चढवलेला सांधा सोपा पण तिथेच पुन्हा गंज लागतो. वेल्डिंग सलग ओढायचं नाही, एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने पूर्ण पॅनेल वाकडं होतं. मिग (विजेचं वेल्डिंग, तार आपोआप पुढे सरकते) वेल्ड कडक असतो आणि ग्राइंडरने घासावा लागतो, टिग (विजेचंच, पण तार हाताने देतात) आणि गॅसचा वेल्ड मऊ राहतो, हातोड्याने सपाट करता येतो.

अख्खं पॅनेल बदलताना स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे कारखान्यातले ठिपक्यांचे वेल्ड) ड्रिलने एकेक करून सोडवतात. सिल कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून बॉडी बांधून घ्यावीच लागते, तेही गाडीचं वजन सस्पेन्शनवर असताना, नाहीतर बॉडी मधून खचते आणि नंतर दरवाजा लागतच नाही. नवीन पॅनेल आधी क्लॅम्प आणि स्क्रूवर बसवून दरवाजे, बॉनेट सगळं लावून फटी बघायच्या, मगच वेल्ड. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची संपूर्ण बॉडीशेल (रिकामी बॉडी) जुन्याच डायवर (साच्यांवर) बनवायला घेतली, पण एवढी सोय मोजक्याच गाड्यांना मिळते.

सगळ्याच बॉड्या लोखंडी नसतात. १९४८ च्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, युद्धानंतर स्टील मिळत नव्हतं म्हणून. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील जिथे टेकतात तिथे ओलाव्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये इन्सुलेशन हवंच. १९५३ ची कॉर्व्हेट फायबरग्लासची, तिथे वेल्डिंगऐवजी मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव).

शेवटची सपाटी पूर्वी शिशाने करायचे, ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथील, हे मिश्रण बराच वेळ लोण्यासारखं मऊ राहतं म्हणून लाकडी पट्टीने पसरवता येतं. शिसं विषारी आहे, ते कोरडं घासून धूळ उडवायची नाही, कानशीने काढायचं. आता पॉलिस्टर पुट्टी वापरतात, पातळ थर असेल तर काही वाईट नाही, पण भोकावर पुट्टी भरणं म्हणजे गंज झाकणं. पुट्टी पाणी धरते, त्यामुळे खाली इपॉक्सी प्रायमर हवा. वेल्डच्या सांध्यांवर सीम सीलर (फट बुजवणारी लवचीक पेस्ट), पोकळ्यांमध्ये रंगानंतर मेण फवारतात, आणि सिल आणि दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं या सगळ्यात बुजली नाहीत ना हे तारेने टोचून बघतात.